छत्तीस की एकोणचाळीस

रोलेक्सचे एक्सप्लोरर आणि ट्युडरचे रेंजर ही दोन घड्याळे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, तर ज्याला घड्याळांचा नाद नाही असा माणूस ती एकाच घरची भावंडे आहेत असे म्हणेल, आणि त्याचे फारसे चुकणार नाही. दोन्ही कंपन्या हान्स विल्सडॉर्फ या एकाच माणसाने उभ्या केल्या. दोन्ही घड्याळांचा डायल काळा आहे, दोन्हींना तीनच काटे आहेत, तारखेची खिडकी दोन्हींना नाही आणि ३, ६, ९ हे आकडे दोन्हींवर ठळक आहेत. दोन्ही स्टीलची, दोन्ही १०० मीटरपर्यंत पाणी आत येऊ न देणारी आणि दोन्ही हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरून घेणारी आहेत. एकदा पूर्ण भरली, की काढून ठेवल्यावरही ती सुमारे ७० तास चालतात. म्हणजे शनिवारी संध्याकाळी सहा वाजता खुंटीला टांगलेले घड्याळ मंगळवारी दुपारीही चालूच सापडते. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र दोन्हींच्या यंत्रांना आहे. एवढे साम्य असूनही एक्सप्लोररची किंमत रेंजरच्या जवळपास दुप्पट आहे, आणि व्यासात एक्सप्लोरर ३६ व मी पाहिलेले रेंजर ३९ मिलिमीटर असा तीन मिलिमीटरांचा फरक आहे. ह्या दोहोंपैकी एकच घ्यायचे होते, आणि त्या निवडीने माझा कापसाचा एक अख्खा हंगाम व्यापला.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यात वडिलांनी उभे केलेले जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना, चालवतो. घड्याळांचा माझा संग्रह लहान आहे आणि तो लहानच राहावा अशी माझी इच्छा आहे, कारण वापरात नसलेले यंत्र मला जिनिंगमध्येही बघवत नाही. पेटीतल्या प्रत्येक घड्याळाला असे एखादे काम असावे, जे दुसऱ्याला करता येणार नाही, एवढाच माझा नियम आहे. ओमेगाचे स्पीडमास्टर आहे, त्याला रोज हाताने चावी द्यावी लागते आणि ती देण्यातच त्याची मजा आहे. लग्नकार्यासाठी टायटनचे पातळ एज आहे. पावसाळ्यात वावरात जायला सायकोचे एक जुने घड्याळ आहे. वडिलांचे एचएमटी जनता आहे. आणि ओमेगाचे सीमास्टर आहे, ज्याच्या कडेला दहाच्या आकड्याजवळ हेलियम वायू बाहेर सोडण्याची झडप आहे. खोल समुद्रात दिवसचे दिवस राहून काम करणाऱ्या पाणबुड्या माणसांसाठी केलेली ती सोय आहे. आमच्याकडे खोल पाणी म्हणजे विहिरीचे, आणि तेही मार्चपर्यंत. ह्या पेटीत रिकामी जागा होती ती रोजच्या वापराच्या, साध्या, तारीख नसलेल्या, विसरून जाता येईल अशा घड्याळाची. ओमेगाचे ॲक्वा टेरा आणि ग्रँड सायकोची काही सुंदर घड्याळे मी यादीतून लवकरच काढली. ॲक्वा टेराला तारीख आहे आणि घरात दोन ओमेगा आधीच आहेत. ग्रँड सायकोच्या काट्यांची आणि खुणांची आरशासारखी धार माझ्या कामाच्या जागी दोन महिन्यांत जाईल, ही भीती मनातून गेली नाही. उरली ती ही दोन.

कागदावरची तुलना मी अर्थातच आधी केली, कारण ती सोपी असते आणि ती करताना आपण काही तरी शहाणपणाचे करत आहोत असे वाटते. सीओएससीच्या चाचणीत यंत्र पंधरा दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांत तपासले जाते, आणि दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे ह्या मर्यादेत ते चालावे लागते. रोलेक्स त्यानंतर पूर्ण जोडलेले घड्याळ पुन्हा तपासते आणि दिवसाला दोन सेकंद मागेपुढे एवढीच सूट ठेवते. ट्युडर २ सेकंद मागे ते ४ सेकंद पुढे एवढी ठेवते. मला ह्यात रस वाटला तो ३८ ह्या आकड्यात. स्विस चाचणीचे सर्वांत गरम टोक म्हणजे आमचा एप्रिलमधला एखादा बरा दिवस. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो, जिनिंगच्या पत्र्याखाली त्याहून अधिक होतो, आणि बंद गाडीत ठेवलेल्या वस्तूचे तर काही विचारू नये.

उष्णतेचे आणि घड्याळाचे भांडण जुने आहे. घड्याळाची चाल ज्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर अवलंबून असते, ती पूर्वी साध्या पोलादाची असे. उन्हाने तिचा ताण कमी झाला की घड्याळ मागे पडे. शार्ल एदुआर गिय्योम ह्या स्विस शास्त्रज्ञाने निकेल आणि लोखंडाचे असे मिश्रधातू शोधून काढले, ज्यांवर तापमानाचा परिणाम नगण्य होतो, आणि त्याबद्दल त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आजच्या एक्सप्लोररमधली स्प्रिंग नायोबियम आणि झिर्कोनियमच्या निळसर मिश्रधातूची आहे, रेंजरमधली सिलिकॉनची. दोन्ही उन्हाला दाद देत नाहीत आणि दोन्हींवर चुंबकाचा परिणाम होत नाही. ही दुसरी गोष्ट माझ्यासाठी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. कापसाबरोबर येणारे खिळे, तारेचे तुकडे, बंडीच्या चाकातून निसटलेले लोखंड रेच्यांत, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांत, जाऊन ठिणगी पडू नये म्हणून जिनिंगमध्ये चुंबक बसवलेले असतात, मोटारी तर चहूकडे असतात. वडिलांचे एचएमटी पूर्वी दर हंगामात पुढे पळू लागे, आणि गावातला घडीसाज ते चुंबक काढण्याच्या यंत्रावर धरून परत देई. नव्या दोन्ही घड्याळांना ह्याची गरज सहसा पडणार नाही. थोडक्यात, माझ्या दोन्ही खऱ्या अडचणींवर दोघांनीही वेगवेगळ्या वाटेने तेच उत्तर शोधलेले आहे, आणि कागदावरच्या तुलनेचा उपयोग इथे संपतो.

मग माणूस कथांकडे वळतो. एक्सप्लोररची कथा एव्हरेस्टची आहे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले. त्या मोहिमेला रोलेक्सने घड्याळे दिली होती आणि त्याच वर्षी एक्सप्लोरर हे नाव बाजारात आले. इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीनेही त्या मोहिमेला घड्याळे दिली होती, आणि शिखरावर नेमके कोणते होते ह्यावर शौकीन लोक अजून हमरीतुमरीवर येतात. रेंजरची कथा ग्रीनलंडची आहे. १९५२ ते १९५४ ह्या काळात उत्तर ग्रीनलंडमध्ये गेलेल्या ब्रिटिश वैज्ञानिक मोहिमेतील लोकांनी ट्युडरची ऑयस्टर प्रिन्स घड्याळे वापरली, आणि त्या मोहिमेच्या सत्तर वर्षांच्या निमित्ताने २०२२ मध्ये आजचे रेंजर काढण्यात आले. म्हणजे ग्रीनलंडला गेलेले घड्याळ रेंजर नव्हते. ह्या कथा मला आवडतात, पण पैसे मोजताना मी त्यांना बाजूला बसवतो. एकाने हिमालयातला बर्फ पाहिला आणि दुसऱ्याने ग्रीनलंडमधला; कळंबच्या रस्त्यावर मे महिन्यात दोघांच्या अनुभवाचा उपयोग सारखाच.

खरी निवड हातात घालून पाहिल्यावरच सुरू झाली. माझ्या मेहुण्याकडे एक्सप्लोरर आहे आणि हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्या मित्राकडे रेंजर. मेहुणा दिवाळीला पुण्याहून आला तेव्हा ते मागून घेतले, मित्राचे त्याआधीच आणलेले होते, आणि कापसाची आवक ऐन भरात असताना दोन्ही आळीपाळीने घालून पाहिली. दुकानातल्या काचेपुढे, थंड हवेत, विक्रेत्याच्या हातमोज्यातून पाहिलेले घड्याळ आणि रुईचे तंतू उडत असताना, काट्यावर गाडीचे वजन होत असताना, हातात हिशेबाची वही असताना पाहिलेले घड्याळ ह्यांत फार अंतर असते. हे अंतर नीट मोजायचे, तर घड्याळ उसने मागण्याचा संकोच गिळावा लागतो.

पहिली गोष्ट मापाची. व्यासाचा आकडा सगळे सांगतात, पण घड्याळ मनगटावर कसे बसते हे पट्टा जोडण्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधल्या लांबीवर ठरते. एक्सप्लोररमध्ये ही लांबी सुमारे ४३ मिलिमीटर आहे, रेंजरमध्ये ४७-४८ च्या घरात. माझे मनगट बारीक आणि वरून गोल आहे. त्यामुळे रेंजरची टोके कडेपर्यंत पोहोचत, आणि वही लिहिताना घड्याळाची कड टेबलाला लागे. एक्सप्लोरर हाडाच्या मागे गुपचूप बसे. हिंगणघाटच्या मित्राचे मनगट दांडगे आहे. त्याच्या हातावर रेंजर असे शोभते, की त्यासाठीच ते केले असावे. गंमत म्हणजे रोलेक्सनेही २०१० ते २०२१ ह्या काळात एक्सप्लोरर ३९ मिलिमीटरचेच विकले आणि मग ते पुन्हा ३६ वर आणले; २०२३ मध्ये ४० मिलिमीटरचेही काढले, पण ते पाहण्याचे कारणच मला उरले नव्हते.

दुसरी गोष्ट हाताच्या कामाची. एक्सप्लोररच्या डायलवरच्या खुणा आणि आकडे पांढऱ्या सोन्याचे, वेगळे घडवून बसवलेले आहेत. रेंजरचे आकडे रंगवलेले आहेत. एक्सप्लोररचा डायल चकचकीत काळा, रेंजरचा खरबरीत आणि प्रकाश पिणारा. एक्सप्लोररची डायलभोवतीची कडी आरशाइतकी घासलेली, रेंजर बहुतांशी मंद. उन्हात उभे राहून वेळ पाहायची, तर रेंजरच बरे, हे मी निःसंकोच मान्य करतो. त्याच्या आकड्यांचा बदामी रंग आणि सेकंदकाट्याचे तांबडे टोक हे दोन्ही काळ्या डायलवर चटकन दिसतात. रात्री वीज गेल्यावर दोन्ही स्वच्छ दिसतात, एक निळे आणि एक हिरवे. पट्ट्याच्या बाबतीतही रेंजर पुढे आहे. त्याचे ब्रेसलेट कोणत्याही हत्याराशिवाय पाच पायऱ्यांत थोडे थोडे सैल करता येते, आणि दुपारी हात सुजतो अशा प्रदेशात ही चैन नाही, गरज आहे. एक्सप्लोररमध्ये अशी एकच पायरी आहे, पाच मिलिमीटरांची. शिवाय रेंजर विणलेल्या कापडी पट्ट्यावरही मिळते, आणि कापसात जन्म गेलेल्या माणसाला त्याचे आकर्षण वाटू नये असे होत नाही. एक्सप्लोररचा पट्टा १९ मिलिमीटरचा आहे. त्या मापाचा बदली पट्टा शोधायला निघालेल्या माणसाने भरपूर सवड घेऊनच निघावे.

इथपर्यंत हिशेब केला, तर रेंजर जिंकायला हवे होते. किंमत अर्धी, वाचायला सोपे, ब्रेसलेट सोयीचे. माप एवढी एकच गोष्ट विरुद्ध होती. पण संग्रहासाठी घेतलेले घड्याळ लोकांच्यात घालायचे असते, आणि ती बाब मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तिची मला धास्ती होती.

मोठ्या शहरात महागडे घड्याळ घालणाऱ्याला जाणकारांनी ते ओळखावे अशी एक छुपी अपेक्षा असते. आमच्याकडे ट्युडर हे नाव कोणालाही ठाऊक नाही. रोलेक्स मात्र सर्वांना ठाऊक आहे. जत्रेत त्या नावाची नकली घड्याळे विकली जातात, सिनेमातून नाव ऐकलेले असते, आणि ते ऐश्वर्याचे दुसरे नाव होऊन बसले आहे. माझ्या टेबलासमोर जो माणूस बसतो, त्याने वर्षभर पऱ्हाटी सांभाळलेली असते, आणि मी कापूस हातात घेऊन, धागा ओढून, ओल पाहून त्याला भाव सांगत असतो. त्या क्षणी त्याची नजर माझ्या तोंडावर आणि हातावर असते. त्या हातावरच्या वस्तूने माझ्याआधी बोलू नये, असे मला वाटते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दोन घड्याळांच्या किमतींमधला नुसता फरक काढला, तर तो चाळीसहून अधिक क्विंटलांचा होतो. हा हिशेब मी केला, आणि तो केल्याशिवाय ह्या विषयावर लिहिणे मला प्रामाणिक वाटले नसते. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या कमाईचा पैसा आहे, कर भरलेला आहे, हे खरे आहे आणि ते उत्तर नव्हे.

म्हणून मी गृहीत धरून चाललो होतो, की नावाच्या ओझ्यामुळेच एक्सप्लोरर बाद होईल. प्रत्यक्षात उलटे घडले. रेंजर घातले त्या दिवसांत टेम्पोवाल्या पोरांचे लक्ष हमखास जाई. "भाऊ, कोन्त्या कंपनीची हाय?" असा प्रश्न आला की मी नाव सांगे, ते नाव त्यांच्या ओळखीचे नसे, आणि पुढचा प्रश्न किमतीचा येई. एक्सप्लोररकडे मात्र कोणाचे लक्षच गेले नाही. काट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या काकाजींनी तेवढे निरखून पाहिले आणि विचारले, "बाबूजीची घडी घातली काय भाऊ आज?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही, तेवढ्यात दिवाणजींनी पावती पुढे केली आणि विषय तिथेच राहिला.

काकाजींची नजर चुकली असे मला म्हणवत नाही. जनता आणि एक्सप्लोरर ह्यांच्या मापात एखाद्या मिलिमीटरचेच अंतर असेल. आमच्या भागातल्या एका पिढीच्या डोळ्यांत घड्याळ म्हणजे एचएमटी, आणि त्याचे माप म्हणजे घड्याळाचे माप. सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला आणि पुढची तीन दशके नोकरी लागलेल्या मुलाच्या, लग्नातल्या जावयाच्या, निवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या हातावर त्याचीच घड्याळे राहिली. त्या नावाची पत एवढी होती, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे ह्यांनी निवड करून करून जे बारीक धान तयार केले, ते बाजारात एचएमटी ह्याच नावाने गेले आणि आजही देशभर त्याच नावाने विकले जाते. २०१६ मध्ये घड्याळांचा तो विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. धान अजून पिकते आहे. अशा मुलखात ३६ मिलिमीटरचे साधे काळे घड्याळ हे जुने, घरचे, वडिलांकडून आलेले वाटते, आणि ३९ मिलिमीटरचे घड्याळ नवे, विकत घेतलेले. डायलवर काय लिहिले आहे हे वाचायला वीतभर अंतरावर यावे लागते, आणि भाव ठरवताना तेवढ्या जवळ कोणी येत नाही.

हे पाहिल्यावर मी जास्तीच्या पैशाचे तीन भाग मनाशी पाडले. एक भाग हाताच्या कामाचा: सोन्याच्या खुणा, कडीची घासाई, यंत्राची अधिक काटेकोर तपासणी. त्याची मला मनापासून किंमत आहे. ज्याने आयुष्यभर रेच्याच्या पट्ट्यांची धार बोटाने तपासली, त्याला चांगली घासाई कळते आणि तिचे पैसे देताना दुःख होत नाही. दुसरा भाग नावाचा, जो मला नको होता, पण मापामुळे तो माझ्या गावात जवळपास बोलतच नाही. तिसरा भाग पुन्हा विकताना मिळणाऱ्या किमतीचा. संग्रहातली वस्तू विकायची नसते असे म्हणण्याची पद्धत आहे. मी व्यापारी आहे, मला ते म्हणता येत नाही. घ्यायचे एक्सप्लोररच असे ठरले, आणि त्यासाठी सीमास्टर काढायचे असेही ठरले. काळ्या डायलचे स्टीलचे एक घड्याळ रोजच्या हातावर आले, की दुसरे पेटीत पडून राहते, हे मी संग्राहकांच्या पेट्या पाहून शिकलो आहे, आणि हेलियमच्या झडपेचे काम आमच्याकडे निघण्याची चिन्हे नाहीत.

हिंगणघाटच्या मित्राला हा निकाल मान्य नाही. त्याच्या मते मी दुप्पट पैसे मोजून लहान वस्तू घेतो आहे आणि तिला जुन्या घड्याळासारखी दिसते म्हणून वाखाणतो आहे. नकली रोलेक्स दोनशे रुपयांत मिळते आणि जुने एचएमटी थोड्या अधिक पैशांत, मग सात-आठ दिवस ते घालून बघ, असा त्याचा टोमणा आहे. त्याच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला खोडता येत नाही. मात्र जनता रोज घालण्याचे दिवस गेले. त्याच्या आत पाणी जाते, धूळ जाते, आणि ज्या घडीसाजाला त्याचे पोट ठाऊक होते, त्याने दुकान मुलाच्या मोबाइल दुरुस्तीला दिले आहे. नवे घड्याळही तो उघडू शकणार नाही, कारण त्याच्या मागच्या झाकणाला कंपनीचे वेगळे हत्यार लागते. ते दुरुस्तीला मोठ्या शहरातच पाठवावे लागेल, आणि ही गोष्ट रेंजरलाही तितकीच लागू आहे.

शोरूममध्ये नाव नोंदवून ठेवले आहे. तिथली पद्धत अशी, की पैसे तयार असले तरी घड्याळ केव्हा येईल ते सांगत नाहीत. जिनिंगमध्ये उधारीवर दिवस काढलेल्या माणसाला ही वाट पाहणे अवघड जात नाही. सीमास्टरला अमरावतीचा एक गिऱ्हाईक पाहून गेला आहे आणि भाव पाडून मागतो आहे. मेहुण्याचे घड्याळ मेहुण्याकडे परत गेले, मित्राचे मित्राकडे. रेंजर त्याच्याच हातावर राहू दे. त्याच्या बदामी आकड्यांची मला आठवण येते, पण हिंगणघाट काही लांब नाही.